सतरा नंबरची जागा

डॉक्टर प्रभंजन गलगली जर्मनीहून परत आले एकोणीसशे छत्तीस साली, आणि पुढच्या वर्षी मी त्यांच्याकडे कंपाउंडर म्हणून लागलो. माझं नाव पांडुरंग. हुबळीत केशवापुरात त्यांचं घर होतं. पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना, मागच्या खोलीत मेंदू. आता हे सहज लिहून गेलो, पण पहिल्या दिवशी त्या खोलीतल्या फळीवर ओळीनं मांडलेल्या काचेच्या बरण्या पाहिल्या तेव्हा हातातली औषधाची बाटली सुटता सुटता राहिली होती. इस्पितळात ज्यांना मेल्यावर न्यायला कुणी येत नसे, अशांचे ते मेंदू. डॉक्टरांनी सरकारी परवानगी काढून आणलेले.

सकाळी ताप, खोकला, खरूज. दुपारचं जेवण झालं की डॉक्टर मागच्या खोलीत जात आणि चार वाजेपर्यंत कुणाशी बोलत नसत. त्यांचं काम त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. मेंदू वरून पाहिला तर सगळीकडं सारखाच, अक्रोडासारखा. पण त्याचा अगदी पातळ काप काढून जांभळ्या रंगात बुडवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्याच्या सालीत पेशींचे थर दिसतात. जागोजागी त्या थरांची मांडणी वेगळी असते. जिथं मांडणी बदलली तिथं एका भागाची हद्द संपली, दुसऱ्याची लागली. अशा हद्दी शोधत शोधत सगळ्या मेंदूचा नकाशा करायचा. जर्मनीत ते ज्या संस्थेत शिकले तिथं भागांना नंबर दिलेले होते. हात हलवायचा भाग चार नंबर, बघायचा भाग सतरा नंबर, असे.

"आपल्याकडच्या माणसांत याच हद्दी याच जागी असतात का, हे कुणी पाहिलेलंच नाही, पांडुरंग," ते म्हणायचे.

अडचण होती ती सुरीची. मेंदूचा तुकडा मेणात घालून कापायचं एक यंत्र त्यांनी बरोबर आणलं होतं. वीतभर लांबीची त्याची जाड सुरी केसाच्या पाचव्या हिश्श्याइतका पातळ काप काढायची. वर्षभरात तिची धार गेली. कापांवर उभे ओरखडे उठू लागले, आणि त्यात हद्द कुठली, ओरखडा कुठला, काही कळेना. सुरी मुंबईला पाठवली. महिन्यानं आली ती आणखी बिघडून.

तेव्हा मी भीत भीत नागोजीचं नाव काढलं. नागोजी न्हावी. मूळचा अळणावरकडचा, पण चाळीस वर्षं हुबळीत धोपटी घेऊन घरोघर हजामती करणारा. डॉक्टर हसले नाहीत. "बोलाव," म्हणाले.

नागोजीनं सुरी खिडकीच्या उजेडात धरली, पात्यावरून अंगठ्याचं नख हलकेच फिरवलं.

"साहेब, ही कुणी घासली?"

"मुंबईच्या मोठ्या दुकानात."

"त्यानं जन्मात कुणाच्या गळ्यावर वस्तरा धरला नसंल," नागोजी म्हणाला. "दोन दिवस द्या."

दोन दिवस तो मागच्या पडवीत बसला. दगडावर तेल टाकून पातं एका संथ चालीत पुढं-मागं. मग चामड्याच्या पट्ट्यावर. मग पुन्हा दगडावर. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं माझ्या डोक्यातला एक केस उपटला, एका टोकाला धरून हवेत लोंबता ठेवला आणि पातं नुसतं टेकवलं. केसाचं खालचं टोक माझ्या पायाशी पडलं.

त्या दिवशी यंत्रातून मेणाची फीत निघाली ती रेशमासारखी. एक ओरखडा नाही. डॉक्टरांनी नागोजीला विचारलं, काय हवं ते सांगा. तो म्हणाला, "एवढं पातळ कापून काय बघता, ते दाखवा की."

डॉक्टरांनी जुना रंगवलेला एक काप काढला, काच लावली, नागोजीला स्टुलावर बसवलं. आधी त्याला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग त्यानं डोळा आणखी जवळ नेला. बाहेर दवाखान्याच्या पायरीवर कुणीतरी खोकत होतं.

"ही खसखस सांडल्यासारखी दिसती, ती काय?"

"पेशी. एकेक दाणा म्हणजे एकेक पेशी."

"आणि अशा किती?"

"सगळ्या मेंदूच्या सालीत? हजार कोटींच्या वर, असं म्हणतात."

नागोजीनं डोळा काढला नाही. "चाळीस वर्षं मी ह्याच्यावरनं हात फिरवतोय," तो हळूच म्हणाला.

डॉक्टरांनी त्याला काच सरकवायचा स्क्रू दाखवला. नागोजीचा हात मुळातच स्थिर. तो काच केसाकेसानं सरकवत राहिला आणि एका जागी थांबला. मागं गेला. पुन्हा पुढं आला.

"इथं कायतरी बदललं," तो म्हणाला. "अलीकडं मधल्या थरात दोन दाट पट्टे हायत, त्यांच्या मधनं एक फिकट पट्टा जातो. पलीकडं दोन्ही पट्टे एक झाले. हळूहळू नाही. बांध घातल्यागत, एकदम."

डॉक्टर खुर्चीतून उठले. ती हद्द ओळखायला मला तीन महिने लागले होते, तेही रोज शिकवल्यावर.

"तो दोन पट्ट्यांचा भाग म्हणजे सतरा नंबर," डॉक्टर म्हणाले. "आपण बघतो ते इथं. डोळ्यातून आत गेलेलं सगळं इथं येऊन पोचतं."

"डोळे म्होरं, आणि बघायचं मागं?"

"मागं. शेंडीच्या चार बोटं खाली."

नागोजीनं आपल्याच डोक्यामागं हात नेला आणि तिथंच ठेवला.

त्यानंतर सुरीचं काम त्याचंच झालं. पंधरा दिवसांनी एकदा तो येई, धार लावी, आणि जाताना तास-अर्धा तास स्टुलावर बसे. बाहेर गेल्यावर तो हे सगळं कुणाला सांगत असे ते मला ठाऊक नव्हतं. एक दिवस कळलं.

"साहेब," तो म्हणाला, "जन्मापासनं आंधळ्या माणसाची ती सतरा नंबरची जागा कशी असती?"

"का?"

"कृष्णाअण्णा विचारत होता."

कृष्णाअण्णाला हुबळीच्या कापूस बाजारात ओळखत नव्हता असा माणूस नसेल. जन्मल्यावर आठ-दहा दिवसांत त्याचे डोळे आले, ते गेलेच. आता पन्नाशीचा होता. एका अडत्याच्या पेढीवर कापसाची पारख करायचं काम त्याच्याकडं होतं. गासडीतून मूठभर कापूस काढून त्याच्या हातात द्यायचा. तो चिमटीत धरून ओढायचा, तंतू किती लांब, किती चिवट, ओल किती, सांगायचा. हा कुमठा वाण, हा अमेरिकन, यात दुसरी वेचणी मिसळलीय. डोळस पारखी त्याच्याशी वाद घालत आणि हरत. बायको नव्हती. धाकटी विधवा बहीण तानूबाई, तिच्यासोबत राहायचा. नागोजी दर रविवारी त्याची दाढी करायला जायचा, आणि दाढी करता करता खसखशीचे दाणे, दोन पट्टे, बांध, सगळं त्याला सांगायचा.

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "मी असा मेंदू पाहिलेला नाही. पण डोळ्यांची वाटच बंद, तर ती जागा विरून गेली असणार. पट्टे राहिले नसतील. जे वापरलं नाही ते झिजतं."

नागोजीनं हा निरोप नेला. पुढच्या आठवड्यात कृष्णाअण्णा स्वतःच आला, बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून. उंच, काटकुळा माणूस, पांढरा फेटा, कोटाच्या बाहीवर कापसाचे तंतू.

"बर्री, कूडरी," डॉक्टरांनी त्याला कानडीत या, बसा म्हटलं. तो बसला आणि मराठीत म्हणाला, "डॉक्टर, ती वस्तू माझ्या हातात द्याल काय?"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी औषधात मुरून कडक झालेला एक मेंदू धुऊन थाळीत आणला. तानूबाई उठून दाराबाहेर जाऊन उभी राहिली. कृष्णाअण्णानं दोन्ही हातांत मेंदू घेतला. मी खूप विद्यार्थ्यांना पुढं मेंदू हाताळताना पाहिलं, पण तसं कुणाला पाहिलं नाही. दहाही बोटं एकदम कामाला लागली. एकेका घडीत बोट शिरायचं, तळ शोधायचं, बाहेर यायचं. त्याचे ओठ किंचित हलत होते, मोजतो आहे असं वाटत होतं.

"जड आहे," तो म्हणाला. "आणि दोन्ही बाजू अगदी सारख्या नाहीत."

"नाहीत," डॉक्टर म्हणाले. "हे बऱ्याच डॉक्टरांच्याही लक्षात येत नाही."

"बोटांना कळतं ते कुठं?"

डॉक्टरांनी त्याची तर्जनी धरून वरच्या अंगाला, मधल्या खोल चिरेच्या मागच्या घडीवर टेकवली. कृष्णाअण्णानं बोट तिथंच दाबून धरलं.

"एवढ्याशा जागेत सगळा कापूस," तो म्हणाला. जरा वेळानं म्हणाला, "आणि सतरा नंबर?"

मेंदूच्या मागच्या टोकाला, दोन अर्धांच्या मधल्या अंगाला एक आडवी चीर असते. डॉक्टरांनी ती दाखवली. ही जागा त्यानं दोनदा, तीनदा चाचपली.

"माझ्यात ही चीर असेल?"

"चीर असेल. आतली मांडणी विरलेली असेल, असं मला वाटतं."

"वाटतं म्हणजे तुम्ही पाहिलेलं नाही."

"नाही."

"मग बघा," कृष्णाअण्णा म्हणाला. "मी मेल्यावर बघा. लिहून देतो. सही येत नाही, अंगठा देतो."

दाराबाहेरून तानूबाई आत आली. "घरला चल, अण्णा," एवढंच म्हणाली.

घरी काय झालं ते नागोजीकडून कळलं. तानूबाई दोन दिवस भावाशी बोलली नाही. मग म्हणाली, एक देह दोन ठिकाणी ठेवला तर जीव कुठं जाईल? अर्धा अग्नीला आणि अर्धा बरणीत? कृष्णाअण्णा म्हणाला, "तानू, लहानपणापासनं सगळे मला सांगतात, तुला हे दिसत नाही, ते दिसत नाही. माझ्याजवळ काय नाही, त्याची यादी मला पाठ आहे. त्या जागी काय आहे, हे कुणी सांगितलं नाही. कुणाला ठाऊकच नाही. मी नसेन तेव्हा तुला तरी कळू दे."

"मला कळून काय करू?"

"काही करू नको. कळलं तरी बास."

तीन वर्षं गेली. मधे लढाई सुरू झाली, जर्मनीची पत्रं बंद पडली, काचा आणि रंग मिळेनासे झाले. डॉक्टर काटकसरीनं काम करत राहिले. एकोणीसशे एक्केचाळीसच्या माघात कृष्णाअण्णाच्या छातीत सूज आली. वर्षानुवर्षं कापसाचे तंतू श्वासात गेलेले. फुप्फुसांत जोर नव्हता. डॉक्टर रोज दोन वेळा गेले. सहाव्या दिवशी पहाटे तो गेला.

उजाडल्यावर आम्ही दोघं त्यांच्या घरी पोचलो. डॉक्टरांनी वाटेत मला सांगून ठेवलं होतं, की आपण विषय काढायचा नाही. तानूबाई ओसरीवर बसली होती. तिच्या शेजारी नागोजी, धोपटी मांडीवर घेऊन.

"आतल्या खोलीत पाणी तापवून ठेवलंय," तानूबाई डॉक्टरांना म्हणाली. "नागोजीभाऊ डोकं करतील. लोक यायच्या आत उरका. आणि बघून झाल्यावर मेंदूचं जे उरंल, ते मला द्यायचं. अण्णाची चिता जिथं पेटंल, त्याच जागी मी त्याला अग्नी देणार."

नागोजीनं कृष्णाअण्णाचं डोकं भादरलं. इतकी वर्षं रविवारी जसा करायचा तसाच, मान हळूच एका बाजूला वळवत, कानामागं वस्तरा आडवा धरत. एकदा तो थांबला, आणि मला वाटलं आता त्याच्यानं होणार नाही. पण त्यानं फक्त पट्ट्यावर वस्तरा दोनदा ओढला आणि पुन्हा सुरू केलं. मग डॉक्टरांनी त्यांचं काम केलं. शेवटी कातडी शिवून डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं पांढरा फेटा बांधला.

तिरडीपाशी कुणा नातेवाइकानं विचारलं, फेटा का ठेवलाय? तानूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अण्णानं त्याच्या मनानं दान दिलंय. काय दिलंय ते मला ठाऊक आहे." लोकांनी तिरडी उचलली.

मेंदू औषधात मुरायला दोन महिने लागले. त्या दिवसांत डॉक्टरांनी एक गोष्ट केली. वहीत तारीख घालून लिहिलं: सतरा नंबरचा भाग विरलेला सापडेल, मधला फिकट पट्टा नसेल, हद्द पुसट असेल. खाली सही केली. मला म्हणाले, "नंतर मी माझं म्हणणं बदललं, असं मलाच म्हणता येऊ नये."

चैत्रात नागोजी सुरीला धार लावायला आला. या वेळी त्यानं दोनाऐवजी चार दिवस घेतले. चौथ्या दिवशी सुरी माझ्या हातात देताना तो म्हणाला, "याच्याहून बारीक धार मला येत नाही."

आधी डॉक्टरांनी डोळ्यांकडून येणाऱ्या नसा पाहिल्या. निरोगी माणसात बोरूएवढी जाड असणारी नस इथं सुतळीसारखी, राखाडी, वाळलेली. "हे अपेक्षेप्रमाणं," ते म्हणाले, मी लिहून घेतलं. मग त्यांनी मागचं टोक साध्या सुरीनं आडवं कापलं आणि तो तुकडा खिडकीपाशी नेला. सतरा नंबरच्या सालीत जो पट्टा असतो तो जाड कापात नुसत्या डोळ्यांनी पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. डॉक्टर उजेडाकडं तोंड करून उभे होते. मला त्यांची पाठ दिसत होती.

"पांडुरंग, इकडं ये. तुला काय दिसतं ते सांग. मी काही सांगणार नाही."

मी पाहिलं. राखाडी सालीच्या मधोमध एक बारीक पांढरी रेघ होती. चिरेच्या वरच्या ओठातून आत वळून खालच्या ओठापर्यंत, कुठंही न तुटता, पेन्सिलनं काढल्यासारखी.

"रेघ आहे," मी म्हणालो.

"आहे," डॉक्टर म्हणाले, आणि खुर्चीवर बसले.

पुढचे तीन आठवडे त्यांनी दवाखान्यात कमी आणि मागच्या खोलीत जास्त वेळ काढला. उरलेला सगळा जांभळा रंग या एका मेंदूवर खर्च झाला. काप निघाले ते निर्मळ. सहाही थर जागच्या जागी होते. मधल्या थरात दोन दाट पट्टे, त्यांच्यामधून फिकट पट्टा, आणि एका ठिकाणी बांध घातल्यागत हद्द. डॉक्टरांनी डोळस माणसांच्या कापांशेजारी ठेवून मोजणी केली. साल किंचित पातळ भरली, इतकंच. वहीतलं स्वतःचं भाकीत त्यांनी खोडलं नाही. त्याच्याखाली एका ओळीत लिहिलं: माझी समजूत चुकली.

नागोजीला स्टुलावर बसवलं. तो नेहमीसारखा केसाकेसानं काच सरकवत हद्दीपर्यंत गेला, थांबला.

"साहेब, हे तर सगळं डोळस माणसासारखं हाय. म्हणजे ही जागा आंधळी नव्हतीच."

"जागा शाबूत आहे."

"पन्नास वर्षं डोळ्यातनं काय आलं नाही, तरी?"

"तरी. जे वापरलं नाही ते झिजतं, असं मी म्हणालो होतो. झिजलं नाही. म्हणजे वापरलं असलं पाहिजे."

"कशासाठी?"

"ठाऊक नाही, नागोजी," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या तोंडून हे शब्द रोग्यांपुढं कधी निघत नसत. आज त्यांनी ते आनंदानं म्हटल्यासारखं वाटलं.

मेंदूचं उरलेलं सगळं एका नव्या मडक्यात घालून आम्ही तानूबाईला बोलावणं पाठवलं. ती आली. डॉक्टर म्हणाले, काचा तुम्ही म्हणाल तर त्याही देतो. ती म्हणाली, "राहू द्या. त्यानं दिल्यात. पण मला बघायचंय."

ती स्टुलावर बसली, पदर मागं खोचला, एक डोळा मिटला. मी तिला हळूहळू सांगत गेलो. हे थर, हे पट्टे, ही हद्द. मग तिनं विचारलं, "हे सगळं आईच्या पोटातनंच?"

"मांडणी तिथलीच," डॉक्टर म्हणाले. "पण आयुष्यभर ती टिकली, ती तुमच्या भावाच्या कशानं तरी."

तानूबाई अजून काचेतूनच पाहत होती. "अण्णा म्हणायचा, कापूस ओढला की बोटांत कळतं ते वेगळं आणि मग आत काहीतरी पसरतं. रुंद. मी विचारायची, काय पसरतं? तर म्हणायचा, तुम्हा लोकांत त्याला शब्द असेल, माझ्याजवळ नाही. मी पाऊल टाकलं तरी पसरायचं म्हणे. आख्खं घर पसरायचं. कुठं भिंत, कुठं दार, कुठं मी."

डॉक्टरांनी टेबलावरची वही ओढली. "पुन्हा सांगा," ते म्हणाले. "अगदी तो जसा म्हणायचा तसं." ती सांगत गेली आणि त्यांनी तिच्याच शब्दांत, मराठीत, लिहून घेतलं. त्या वहीत तोवर जर्मन आणि इंग्रजीशिवाय अक्षर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मडकं घेऊन जाऊन अग्नी दिला. नागोजी आणि मी बरोबर होतो.

डॉक्टरांनी मोठा लेख लिहिला. मी हद्दींची चित्रं काढली. पण लढाईत तो पाठवायचा कुठं? तो तसाच ट्रंकेत राहिला, आणि त्यांना त्याचं फारसं वाटलंही नाही. ते दुसऱ्याच मागं लागले होते. आठवड्यातून एकदा नागोजी आणि मला घेऊन ते आसपासच्या गावांत जायचे, जन्मापासून न दिसणारी माणसं शोधत. बरणी नाही, सुरी नाही. फक्त वही. तोवर मेलेल्यांचे मेंदू पाहिले; आता जिवंत माणसांना विचारायचं, असं ते म्हणत.

तारिहाळला मथुराबाई म्हणून एक म्हातारी होती, जन्मांध. अंगणात वाळवणापाशी बसून मिरच्यांचे देठ खुडत होती. डॉक्टर कोटासकट तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी विचारलं, "आजी, तुमच्या अंगणाभोवतीचं तुम्हाला कसं कळतं? आत काय होतं?"

तिनं हातातला देठ टाकला. "आधी तुम्ही सांगा की. तुम्हाला दिसतं म्हणजे काय होतं?"

डॉक्टरांनी समोर पाहिलं. मिरच्यांचा लाल ढीग, पलीकडं कुंपण, त्यापलीकडं काळ्या रानावर उतरलेलं ऊन. वही त्यांच्या मांडीवर उघडी होती, पेन हातात होतं. मी त्यांच्याबरोबर चार वर्षं काम केलं होतं, पण इतका गुंग झालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"आजी," शेवटी ते म्हणाले, "मला सांगता येत नाही."

"मग बसा," म्हातारी म्हणाली, आणि तिनं मूठभर मिरच्या त्यांच्यापुढं सरकवल्या. ते देठ खुडू लागले, आणि ती बोलू लागली.